आरसीसी चोख, फिनिशिंग ढिसाळ: सूसमधील बंगल्याच्या ठेकेदाराविषयी

पुण्यातील सूस येथील आमच्या प्लॉटवर ज्या संस्थेने साहित्यासह बंगला बांधून दिला, तिचे काम आरसीसीचा, म्हणजे सळई आणि काँक्रीटचा, सांगाडा उभा राहीपर्यंत चोख आणि त्यानंतर ढिसाळ होते. स्वतःच्या राहण्यासाठी बांधलेल्या अशा घराला महारेराचे, म्हणजे बिल्डरांच्या गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाचे, संरक्षण नसते. वाद विकोपाला गेलाच तर ग्राहक आयोगाची पायरी चढावी लागते आणि तिथे करारनाम्यात काय लिहिले आहे, यालाच वजन असते. म्हणून हा अनुभव जरा तपशिलाने लिहीत आहे.

पहिला खोळंबा खोदाईतच झाला. वरची काळी माती आणि मुरूम लवकर निघाला, पण त्याखाली पुण्यात बहुतेक ठिकाणी लागतो तसा काळा पाषाण लागला आणि खडक फोडणाऱ्या ब्रेकरचे भाडे कोणी द्यायचे, यावर काम अडले. दरपत्रकात ‘खोदाई’ एवढाच उल्लेख होता. खर्च निम्मा-निम्मा वाटून घेण्याचे ठरेपर्यंत पाऊस सुरू होऊन खड्डे पाण्याने भरले. माती, मुरूम आणि कठीण खडक यांचे दर वेगवेगळे लिहून घेतलेले बरे.

जोते तपासणीचा दाखला हाती आल्यावरच त्यांनी पुढचे काम सुरू केले आणि तिथून स्लॅबपर्यंत तक्रारीला जागा ठेवली नाही. पहिल्या स्लॅबच्या दिवशी रेडिमिक्सची, म्हणजे तयार काँक्रीटची, गाडी फाटकाशी येऊन उभी असताना, बाल्कनीतील वरची सळई कामगारांच्या पायाखाली दबून खाली गेल्याचे त्यांच्या अभियंत्याच्या लक्षात आले. आधाराशिवाय बाहेर काढलेल्या बाल्कनीत ताण वरच्या बाजूस येतो, त्यामुळे तिथली सळई खाली बसली की ती असून नसल्यासारखीच. गाडीवाल्याची कुरकुर सुरू असतानाही अभियंत्याने नवीन चेअर, म्हणजे वरची सळई उचलून धरणारे आधार, बसवून घेतले, सळई उचलून पुन्हा बांधून घेतली आणि मगच काँक्रीट ओतू दिले. काँक्रीटच्या ठोकळ्यांचे ७ आणि २८ दिवसांचे चाचणी अहवाल आम्हाला न मागता मिळत गेले. काँक्रीट पक्के व्हावे म्हणून स्लॅबवर आळी करून पाणी साठवण्यातही हयगय झाली नाही.

पुढे मात्र प्लंबर, टाइलवाला, वायरमन आणि सुतार असे पोटठेकेदार आले आणि तो अभियंता दुसऱ्या साइटवर गेला. वरच्या मजल्यावरील बाथरूममध्ये कोबा, म्हणजे फरशीखालचा गळतीरोधक थर, घालून, पाणी साठवून गळतीची चाचणी झाल्यानंतर, पाइपची जागा चुकल्याचे सांगत प्लंबरने तोच कोबा फोडला आणि साध्या सिमेंटने लिंपून टाकला; टाइलवाल्याने त्यावर फरशी बसवली. खालच्या खोलीच्या पीओपीवर डाग उमटला, तेव्हा दोघेही एकमेकांकडे बोट दाखवू लागले. या दोघांना जाब विचारणारा कोणी असावा, यासाठीच तर संपूर्ण काम एका संस्थेला दिले होते! संस्थेने फरशी उखडून दुरुस्ती स्वखर्चाने केली, हे नमूद केले पाहिजे. परंतु टाइल्सचा तोच लॉट बाजारात उरला नव्हता, त्यामुळे भिंतीलगतच्या दोन ओळींची छटा आज वेगळी दिसते.

सुतारकाम बरे आहे. रंगकाम दिवाळीत कामगार गावी गेल्याने रखडले, पण ते सगळीकडेच होते.

या घसरणीचे मूळ मला हप्त्यांच्या तक्त्यात दिसते. जोते, स्लॅब आणि प्लास्टर या टप्प्यांवर बहुतेक रक्कम देऊन होते, आणि ज्या कामांत रोज कोणीतरी उभे राहावे लागते, त्यांच्यासाठी ठेकेदाराचे येणे फारच थोडे उरते. आरसीसीचे काम मी पुन्हा याच संस्थेला देईन. फिनिशिंग मात्र किमान २० टक्के रक्कम शेवटच्या टप्प्यासाठी राखून ठेवण्याची आणि ताबा घेईपर्यंत तोच अभियंता साइटवर ठेवण्याची अट त्यांनी लेखी मान्य केली, तरच.