झुलिप हे चॅट, सात महिन्यांनी: एक अख्खा पावसाळा काढल्यावर

आंबा बागायतदारांसाठी पेटीच्या हिशेबाचं मुक्त सॉफ्टवेअर लिहिणारे आम्ही चौदाजण. देवगड, राजापूर, वेंगुर्ले आणि दोघे पुण्यात. मार्चमध्ये ऐन हंगामात एक जुनी चूक परत आली. दलालाकडून आलेली पट्टी (विक्रीचा हिशेब) भरली की हमाली दोनदा वजा व्हायची. मागच्या मे महिन्यात यावर दोन रात्री खल करून आम्ही कारण शोधलं होतं, एवढं सगळ्यांना आठवत होतं. कारण काय ते कुणालाच आठवेना. ज्या चॅटवर ते लिहिलं होतं तिथे फुकटच्या योजनेत नव्वद दिवसांमागचं काही दिसत नाही. आमचंच बोलणं आम्हाला वाचायला माणशी दरमहा पैसे! चौदा जणांचे आणायचे कुठून? त्याचा राग मला अजून आहे.

त्याऐवजी पहिला विचार आयआरसीचा केला, म्हणजे नुसत्या मजकुराच्या जुन्या चॅटचा. १९८८ पासून चालू आहे, रेंज जेमतेम असली तरी चालतं, म्हणून मला तेच हवं होतं. २०२१ च्या मे महिन्यात फ्रीनोड या आयआरसी नेटवर्कच्या मालकीवरून वाद झाला तेव्हा कितीतरी प्रकल्प थोड्या दिवसांत लिबेरा चॅट या नव्या नेटवर्कवर गेले, म्हणजे बिऱ्हाड हलवणंही सोपं. पण आपण जोडलेले नसताना झालेलं बोलणं आपल्याला मिळत नाही. त्यासाठी बाउन्सर, म्हणजे आपल्या वतीने जोडलेला राहणारा प्रोग्रॅम, सतत चालू हवा. घरी ठेवला तर जूनपासून विजेचा भरवसा नाही, भाड्याच्या सर्व्हरवर ठेवला तर पुन्हा दरमहा खर्च. मॅट्रिक्स हे दुसरं खुलं चॅटही पंधरा दिवस वापरलं. सर्व्हर आपल्या हातात राहतो ही फार मोठी गोष्ट, पण थ्रेड करणं, म्हणजे एका गोष्टीवरची उत्तरं एकत्र ठेवणं, ज्याच्या त्याच्या मर्जीवर, आणि आमच्यात कुणी करत नव्हतं.

मग झुलिप, म्हणजे विषयवार बोलायचं चॅट. कोड २०१५ पासून खुला, मुक्त प्रकल्पांना क्लाउड सेवा फुकट आणि जुनं सगळं शोधता येतं. उद्या नाही पटलं तर सगळा डेटा काढून स्वतःच्या सर्व्हरवर नेता येतो. माझ्यासारख्या हात राखून खर्च करणारीला एवढं पुरे होतं.

तरी पहिला महिनाभर मी कुरकुरतच होते. प्रत्येक बोलण्याला विषयाचं नाव द्यायचं म्हणजे काय? लोक ‘शंका’, ‘मदत’, ‘अर्जंट’ असली नावं द्यायचे. मी नियम लिहिला, दोनदा सगळ्यांना सुनावलं. त्यानंतर दोन नवीन मुलं बोलायचीच थांबली.

माझं मत बदललं ते जुलैत. दोन दिवस वीज नव्हती. तिसऱ्या दिवशी शेजाऱ्यांच्या इन्व्हर्टरवर फोन चार्ज करून सड्यावर गेले, तिथेच काय ती रेंज. न वाचलेले दोनशेच्या वर संदेश. पण ते अकरा विषयांत वाटलेले, आणि माझ्या कामाचे फक्त दोन. एक ‘पट्टी: हमाली दोनदा’, दुसरा ‘डझनावरून पेटीचा भाव’. दोन्ही वाचून उत्तर दिलं आणि पावसाची सर यायच्या आत घरी आले. बाकीचे नऊ विषय नावावरूनच सोडून दिले. वेंगुर्ल्याचे काका पूर्वी रोज विचारायचे, ‘‘ह्यां कोणी ठरवल्यान?’’ आता तेच प्रश्न सुटला की विषयावर बरोबरची खूण करतात.

आता नाव कसलंही द्या, मी काही म्हणत नाही. रात्री जेवणं झाली की तीन-चार विषयांची नावं मी स्वतः बदलते, चुकून दुसरीकडे पडलेले संदेश योग्य जागी हलवते. दहा मिनिटांचं काम. ही सोय नसती तर झुलिप मी केव्हाच सोडलं असतं.

व्हॉट्सअॅपचा गट आम्ही मोडलेला नाही. ‘आज बैठक नाही, वीज गेली’ एवढं सांगायला तोच बरा. मात्र ठरलेली गोष्ट कोडच्या शेजारी इश्यूमध्ये, म्हणजे चुका-कामांच्या नोंदीत, लिहायची आणि तिथे झुलिपच्या विषयाची लिंक द्यायची, हे मी सक्तीचं केलंय. चॅनेल ‘वेब-पब्लिक’, म्हणजे वेबवर सगळ्यांना खुलं, ठेवलं की ती चर्चा खातं न उघडताही वाचता येते.

गेल्या आठवड्यात राजापूरच्या एका नव्या ताईंनी वाहतूक भाड्याची अशीच चूक दुरुस्त करून पाठवली. कुणाला काही विचारलं नव्हतं. इश्यूवरून ‘पट्टी: हमाली दोनदा’ उघडून त्यांनी आमचं सगळं बोलणं वाचलं होतं.