कल्पित राज्याचा जुन्या वळणाचा नकाशा: कागदावर की संगणकावर?

बहुतेकांना हवं असतं ते सोळाव्या-सतराव्या शतकातल्या युरोपीय नकाशांचं वळण: बाजूने दिसणारे डोंगर, किनाऱ्यालगत बारीक रेघा, दिशाचक्रातून निघालेल्या 16 किंवा 32 रेषा, नक्षीदार चौकटीत शीर्षक. यांतले बहुतेक नकाशे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापत, म्हणून त्यांतली सावलीसुद्धा रेघांचीच. कागदावर करा की पडद्यावर, मऊ धुरकट छटा टाकली की नकाशा आजचा दिसायला लागतो.

कागदावर

ए-थ्री आकाराचा, किमान 200 जीएसएमचा (चौरस मीटरला 200 ग्रॅम वजनाचा) कार्ट्रिज, म्हणजे जाड चित्रकलेचा कागद घ्या. किनाऱ्याला 0.5 मिमीचं पेन, डोंगरांना 0.3, पाण्याच्या रेघांना 0.2. या रेघा किनाऱ्याला समांतर काढा, आणि त्यांच्यातलं अंतर किनाऱ्यापासून 1, मग 2, मग 3 मिमी असं वाढत गेलं पाहिजे. सारख्या अंतराने काढल्या तर समुद्र नांगरलेल्या शेतासारखा दिसतो. डोंगरांची सावली सगळीकडे उजव्या बाजूला.

चहाचा रंग देताना बहुतेकांचा क्रम चुकतो. आधी रंगवलेल्या कागदाची खळ (शाई पसरू न देणारा लेप) भिजून कमकुवत होते आणि नंतर काढलेली रेघ फुटते. त्यामुळे आधी जलरोधक पिगमेंट शाईने पूर्ण नकाशा काढा, एक दिवस वाळू द्या, मगच चहा. अर्धा लिटर पाण्यात 4-5 चमचे चहापूड उकळून, गाळून, थंड करून रुंद ब्रशने लावा. कागद चारही बाजूंनी पाटाला कागदी टेपने चिकटवलेला हवा, नाहीतर वाळताना लाटा येतात. कुठे थारोळं राहिलं तर तिथे काळपट कडा उमटते. टिश्यूने लगेच टिपा. जेल पेन आणि साधी फाउंटन पेनची शाई इथे वाहून जाते. मेणबत्तीवर कडा जाळू नका. जुना नकाशा घड्यांवर झिजतो आणि कडांना मळतो, जळत नाही.

संगणकावर

इथे दुरुस्ती फुकट. कथेत नदीने वाट बदलली तर एकच लेयर (चित्राचा स्वतंत्र थर) बदलायचा. गिम्प आणि क्रिता ही चित्रांची सॉफ्टवेअर मोफत आहेत आणि या कामाला पुरतात. ए-थ्री छपाईसाठी 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) 3508 × 4961 पिक्सेलचा कॅनव्हास सुरुवातीलाच घ्या. छोटा घेऊन नंतर ताणला की बारीक रेघा आधी बिघडतात. जुन्या कागदाचा पोत सर्वांत खाली ठेवून वरचे लेयर मल्टिप्लाय मोडवर (वरचा रंग खालच्यात मिसळून गडद करणारा पर्याय) टाका, म्हणजे शाई कागदात मुरल्यासारखी दिसते. एकच डोंगर शिक्क्यासारखा पुन्हा पुन्हा उमटवला की नजर तो लगेच पकडते. किमान 12-15 वेगवेगळे काढून ठेवा.

इंकार्नेट किंवा वंडरड्राफ्ट या नकाशे बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार चिन्हं मिळतात आणि एका संध्याकाळी नकाशा होतो. खेळासाठी ठीक, पुस्तकात छापायचा असेल तर तीच चिन्हं वाचकाने आधी दहा ठिकाणी पाहिलेली असतात.

नावं देवनागरीत असतील तर

खरा फरक इथे पडतो. रोमन लिपीतल्या नकाशात समुद्राचं नाव अक्षरं लांब लांब मांडून पसरवतात. देवनागरी फॉन्टमध्ये अक्षरांतलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते, आणि नाव वक्ररेषेवर बसवलं की प्रत्येक अक्षर स्वतंत्र वळून सांध्यांवर फटी पडतात. इंकस्केप या सॉफ्टवेअरमध्ये मजकुराचं पाथमध्ये (हाताने ओढता येणाऱ्या आकृतीत) रूपांतर करून त्या हाताने बुजवता येतात. पण 60 नावं असली की हे काम दिवस खातं. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत जोडाक्षरं विस्कटली तर टाइपच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी मांडणी निवडा. फॉन्टच वापरणार असाल तर ‘टिरो देवनागरी मराठी’ घ्या: त्याला जुन्या छापखान्यातल्या खिळ्यांचं वळण आहे, आणि ल-श मराठी धाटणीचे आहेत.

हाताने हेच सोपं जातं. आधी पेन्सिलीने शिरोरेषेचा कंस काढायचा आणि त्याला अक्षरं टांगायची. नाव पसरवायचं असेल तर रेषा लांबवायची. तिरपा छाटलेला बोरू वापरला तर जाड-बारीक वळण आपोआप येतं.

म्हणून देवनागरी नकाशासाठी आमचा कौल मिश्र पद्धतीला. रेघा आणि नावं वेगवेगळ्या कागदांवर शाईने काढा, 600 डीपीआयला स्कॅन करा, लेव्हल्सने (उजेड-अंधार जुळवायच्या साधनाने) पांढरं साफ करा, आणि कागदाचा पोत, डाग, सीमांचे रंग संगणकावर चढवा. घरचा स्कॅनर ए-फोरचाच असेल तर ए-थ्री तीन तुकड्यांत स्कॅन करताना 3 सेंटिमीटर भाग शेजारच्या दोन्ही तुकड्यांत येऊ द्या, आणि जोड मोकळ्या समुद्रातून न्या, डोंगररांगेतून नको.