क्रूएल भरतकामाचे अभ्रे: दांड्यांची चौकट आणि शिवणीचं फिनिशिंग, पावसाळाभर वापरल्यानंतर

क्रूएल म्हणजे कापडावर लोकरीच्या धाग्याने केलेलं भरतकाम. असं भरतकाम केलेली उशी किती टिकणार हे बरंचसं शेवटचा टाका घालून झाल्यावरच्या कामावर ठरतं, हे ठाण्याचा अख्खा पावसाळा काढल्यावर ठामपणे सांगता येतं. टाके सुरेख, पण आत अस्तर नाही, असे अभ्रे आधी बिघडले. साधंच काम असलेले, पण नीट ताणून, अस्तर लावून शिवलेले अभ्रे अजून छान आहेत. हा सगळा अनुभव १६ इंची चौकोनी अभ्र्यांचा आहे. कापड लिनन ट्विल, काहींना जाड कॉटन डक, आणि धागा दोनपदरी क्रूएल लोकर.

भरताना कापड ताणून धरायची चौकट सुताराकडून सागवानात करून घेतलेली आहे: २४ इंची दोन गोल दांड्या, १८ इंची दोन बाजूपट्ट्या, चार बोल्ट, चार विंग नट (बोटांनी फिरवायचे, पंख असलेले नट). दांड्यांवर सुती पट्टी ठोकलेली असते, तिलाच कापड शिवायचं. कापड २२ इंची चौकोन घ्यावं, म्हणजे चारही बाजूंना तीन-तीन इंच सुटतात. कापडाचा मध्य पट्टीच्या मध्याशी जुळवून मधून कडेकडे शिवत जावं. एका टोकापासून सुरुवात केली की कापड तिरकं सरकतं आणि ते दोष थेट उशीवर दिसतात. कापडाचा उभा धागा एका दांडीकडून दुसरीकडे जायला हवा. उरलेल्या दोन कडांना ट्विल टेप शिवून घ्यावी आणि साधारण दर इंचाला जाड दोरा ओवून ती बाजूपट्ट्यांना बांधावी. टेपशिवाय दोरा ओवला तर लिननची कड उसवत जाते. या सगळ्याला पाऊण तास सहज जातो, आणि ज्यांना पटकन बसून भरायला घ्यायचं असतं त्यांना हा भाग नकोसा होतो.

तरीही भरतकामाच्या गोल रिंगपेक्षा चौकट बरी. रिंगमध्ये लोकर चेपते, आणि गाठीच्या टाक्यांवर रिंग बसली की ते पुन्हा पूर्ववत उठत नाहीत. नुसता काश्मिरी पद्धतीचा साखळी टाका घालायचा असेल तर मात्र रिंग चालते. तिच्या आतल्या कड्याला सुती पट्टी गुंडाळावी आणि काम थांबवताना रिंग काढून ठेवावी. चौकटीतही ताण बेताचाच हवा. बोटाने दाबल्यावर कापड थोडं लवलं पाहिजे. फार ताणून भरलं तर सोडल्यावर कापड आक्रसतं आणि लांब टाके सैल पडून लोंबतात. भरलेला भाग दांडीवर गुंडाळताना मध्ये मलमल घालावी. गाठीचे टाके सगळ्यात शेवटी.

पावसाळ्यात चौकटीच्या दोन तक्रारी निघाल्या. दांड्यांची टोकं फुगून बाजूपट्ट्यांच्या भोकांत घट्ट बसली, त्यामुळे गुंडाळणं अवघड झालं. भोकं मिलिमीटरभर मोठी करून टोकांना मेण चोळल्यावर हे थांबलं. दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे: लोखंडी विंग नट गंजतात आणि गंजाचा डाग लिननवरून निघता निघत नाही. खाडीजवळच्या दमट हवेत पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचेच नट घ्यावेत.

चौकटीतून काढल्यावर कापड ओलं करून बोर्डावर ताणायचं. त्याआधी ओला पांढरा फडका मागच्या बाजूने प्रत्येक रंगावर दाबून रंग सुटतो का ते पाहावं. लाल आणि गडद निळा हमखास तपासावा. पाणी गारच वापरावं, कारण गरम पाण्यात चोळाचोळ झाली की लोकर घट्ट जमते. प्लायवुडवर प्लास्टिक, त्यावर पांढरं सुती कापड, मग भरतकाम सुलट बाजू वर ठेवून. न गंजणाऱ्या टाचण्या प्रत्येक कडेच्या मध्यापासून कोपऱ्यांकडे लावाव्यात. चौकोन सरळ आहे का हे कर्णांवरून कळतं: १७ इंची चौकोनाचे (१६ इंच अभ्रा आणि दोन्हीकडे अर्धा इंच शिवण) दोन्ही कर्ण २४ इंच भरले पाहिजेत. एक जरी कमी भरला तर टाचण्या काढून पुन्हा ओढा, शिवणीत तो फरक लपत नाही. सुकवायला पंखा, ऊन नको. संततधार असताना ताणायला घेऊ नये, दोन दिवस ओलं राहिलेल्या लिननला कुबट वास धरतो.

शिवताना आधी भरतकामाच्या उलट बाजूला धुऊन घेतलेला मांजरपाट कच्च्या टाक्यांनी जोडावा. आतली गादी सारखी घासते, तेव्हा दोऱ्यांची टोकं आणि गाठी ओढल्या जाऊ नयेत म्हणून हे अस्तर. पायपिंगला, म्हणजे कडेने शिवायच्या दोरी भरलेल्या पट्टीला, चार मिलिमीटरची सुती दोरी, गरम पाण्यात भिजवून सुकवलेली, नाहीतर पहिल्या धुण्यात कडा चुण्या होऊन आक्रसतात. पट्टी तिरकी, ४५ अंशात कापलेली, दीड इंच रुंद. जोडासकट लांबी पावणेदोन मीटर. शिवण अर्धा इंच, मशीनची सुई १६ नंबर, मशीनचा फूट (कापड दाबणारा पाय) चेन लावायचाच. भरतकाम शिवणीपासून निदान पाऊण इंच आत थांबलेलं हवं, नाहीतर जाड लोकरीमुळे फूट दोरीला चिकटत नाही आणि पायपिंग ढिली दिसते. कोपऱ्यात पट्टीला तीन चिरा द्याव्यात आणि कोपरा किंचित गोल शिवावा. अगदी टोकदार कोपरे आत गादी भरल्यावर कानासारखे बाहेर येतात.

चेन नायलॉनची, १४ इंची, मागच्या बाजूला. मागचं कापड १७ गुणिले ५ आणि १७ गुणिले १४ इंच अशा दोन तुकड्यांत कापून, एकेक इंच दुमड ठेवून, मध्ये चेन लावली की खालच्या पायपिंगशी झटापट होत नाही. कडेला पायपिंगऐवजी लोकरीच्या पिळाची दोरी दिसायला देखणी, पण वापरात तिच्यावर लव येते. पायपिंगच बरी.

आत १८ इंची फायबरची गादी, म्हणजे अभ्र्यापेक्षा दोन इंच मोठी. कापूस दमटपणात गोळा होतो.

वापरात अर्ध्या इंचाहून लांब भरीव टाके सगळ्यात आधी बिघडले, बांगड्या त्यांतच अडकतात. लांब दोरे आडव्या टाक्यांनी दाबून घेतलेला भाग आणि साखळी टाके यांना काही झालं नाही. कसरीची अळीच लोकर खाते, पतंग खात नाही. त्यामुळे पतंग हाकलून भागत नाही. वेखंडाच्या वासाने आत असलेली अळी मरत नाही. शंका आलेला अभ्रा गादी काढून, पूर्ण कोरडा करून, हवाबंद पिशवीत उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये किमान दोन आठवडे ठेवावा. बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये, नाहीतर हवेतला ओलावा लोकरीवर साचतो.