डॅशबोर्ड हिरवा, गोदामात ठणठणाट

रात्रीची कामं आपोआप चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे जॉब शेड्युलर, घ्यायच्या विचारात कुणी असेल तर करारावर सही करण्याआधी हे वाचा. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही, वकिलांनी तशी तंबी दिली आहे.

आमचा धंदा औषधांच्या वितरणाचा. ऑफिस मरोळला, गोदाम भिवंडीला. दिवसभर केमिस्टच्या ऑर्डरी, आणि रात्री कॉम्प्युटरचं खरं काम. गोदामातून बॅचनिहाय साठ्याची फाइल येते, ती डेटाबेसमध्ये चढते, त्यावरून सेल्सच्या मुलांच्या मोबाइलवरचा साठा बदलतो, टॅलीत नोंदी जातात, बँकेची पेमेंट फाइल बनते, शेवटी बॅकअप. हे सगळं विंडोजच्या टास्क शेड्युलरवर आणि एका लिनक्स मशीनच्या क्रॉनवर (ठरल्या वेळी काम सुरू करणारा प्रोग्राम), नुसत्या घड्याळाच्या भरवशावर लावलेलं. साठ्याची फाइल साडेबाराला येते म्हणून पुढचं काम एक वाजताचं. भिवंडीत लाइट गेले आणि फाइल दीडला आली, की एकचं काम कालच्याच फाइलवर चालून मोकळं. त्यामुळे गरज खरी होती. आधीचं काम पुरं झालं तरच पुढचं सुरू व्हावं, आणि अडलं तर कुणाचा तरी फोन वाजावा, एवढंच हवं होतं.

विकायला आलेला माणूस बोलायला गोड. "मॅडम, आपलं स्वतःचं प्रॉडक्ट आहे, शंभर टक्के इंडियन, आत एआय बसवलंय. जॉब पडायच्या आधीच कळतं." मोठ्या परदेशी कंपन्यांच्या सॉफ्टवेअरचे आकडे ऐकवून त्याने शेठना आधी घाम फोडला आणि मग स्वतःचा भाव सांगितला: वर्षाला 4,80,000 रुपये, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 5,66,400. पैसे आगाऊ. रोज 500 जॉबपर्यंत हाच दर, त्यापुढे जादा. शेठ म्हणाले, मराठी माणूस धंदा करतोय, देऊ या संधी.

पहिला वास आला तो वेळेचा. रात्री दीडला लावलेली कामं सकाळी सातला चालायची. साडेपाच तासांचा फरक म्हटल्यावर कळायला वेळ लागत नाही, घड्याळ यूटीसीवर होतं. शंभर टक्के इंडियन प्रॉडक्ट ग्रीनिचच्या वेळेवर का चालावं? लॉग उघडले तर ओळीओळीत 'डॅग' (कामांच्या क्रमाचा आराखडा) हा शब्द, आणि पत्त्याच्या शेवटी 8080 हा पोर्ट. या दोन्ही अपाची एअरफ्लो नावाच्या जॉब शेड्युलरच्या खुणा, ज्यांनी तो पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको. एअरबीएनबीत 2014 साली सुरू झालेलं आणि आता अपाची फाउंडेशनकडे असलेलं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. मूळ सेटिंगमध्ये ते यूटीसीवरच चालतं. यांनी लोगो आणि रंग बदलले होते, घड्याळ बदलायचं राहिलं होतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, कारण आमच्या ऑफिसातही यावरून वाद झाला. फुकटचं सॉफ्टवेअर बसवून देण्याचे पैसे घेणं हा गुन्हा नाही. अपाची लायसन ते विकायलाही परवानगी देतं, फक्त लायसनची प्रत सोबत द्यायची आणि मूळ सूचना काढायच्या नाहीत. यांनी दोन्ही गाळलं आणि वर 'स्वतःचं' म्हणून खपवलं. तरी काम नीट झालं असतं तर मी हे लिहायलाच बसले नसते.

काम कसं होत होतं ते दादरच्या एका केमिस्टमुळे कळलं. त्याने इन्सुलिनची मोठी ऑर्डर टाकली, मोबाइलवर साठा भरपूर दिसत होता. भिवंडीहून सुपरवायझरचा फोन, "ताई, फ्रिज रिकामा आहे, परवाच माल गेला." मी डॅशबोर्ड उघडला. परवा हिरवा, काल हिरवा, आज हिरवा. साठ्याची फाइल मात्र तीन दिवसांपूर्वीची.

मग ज्या बॅच फाइलमधून, म्हणजे विंडोजच्या आज्ञा ओळीने लिहिलेल्या फाइलमधून, हे काम चालायचं तीच नोटपॅडमध्ये उघडली. वर नक्कल करायची रोबोकॉपीची आज्ञा, तिच्यापुढे '>नल', म्हणजे चुकांसकट सगळे मेसेज थेट कचऱ्यात. आणि शेवटची ओळ: 'एक्झिट 0'. प्रत्येक प्रोग्राम संपताना एक आकडा मागे ठेवतो, शून्य म्हणजे सगळं ठीक. शेड्युलर तेवढाच आकडा बघतो आणि हिरवा की लाल ते ठरवतो. शेवटी 'एक्झिट 0' लिहून ठेवलं की आत आग लागली तरी वर हिरवंच.

विचारल्यावर त्यांच्या इंजिनिअरने जे कारण दिलं ते ऐकायला अगदी शहाणपणाचं होतं. रोबोकॉपी फाइल व्यवस्थित कॉपी झाल्यावरही शून्य नाही, 1 परत करतो, म्हणून ती ओळ घालावी लागते. यातला पहिला भाग खरा आहे. पण रोबोकॉपीत 8 च्या खालचे आकडे म्हणजे ठीक आणि 8 पासून वर म्हणजे बिघाड, ही तपासणी दोन ओळींची आहे. शिवाय तीच 'एक्झिट 0' डेटाबेस भरायच्या आणि बॅकअपच्या फाइलींतही होती, जिथे रोबोकॉपीचा संबंधच नाही. यावर इंजिनिअर "साहेबांना विचारून सांगतो" म्हणाला. अजून सांगतोय.

तेवढ्यात जादा वापराचं बिल आलं. आमची रात्रीची कामं मोजून शंभरही भरत नाहीत, मग 500 ची मर्यादा ओलांडली कशी? फाइल आली का हे बघायला चार पहारेकरी बसवले होते आणि प्रत्येक जण दर पाच मिनिटांनी नवीन जॉब म्हणून सुटायचा. एकाचे दिवसाला 288, चौघांचे 1,152. एअरफ्लोमध्ये यासाठी सेन्सर नावाची सोय आयती आहे, एकच काम फाइलची वाट बघत थांबतं. ती सोडून मुद्दाम हा मार्ग घेतला, आणि करारात 'जॉब' म्हणजे काय याची व्याख्याच नव्हती. माझ्या मते खरी लबाडी इथे आहे. 'एक्झिट 0' हा एखाद्या वेळी आळस असू शकतो, हा हिशोब आळशी माणसाला जमत नाही.

हिशोबाच्या काकांनी आणखी एक धोंडा काढला. विक्रेत्याने त्याचं जीएसटीआर-1, म्हणजे विक्रीचं विवरणपत्र, भरलंच नव्हतं, त्यामुळे बिल आमच्या 2बीमध्ये, म्हणजे जीएसटी पोर्टलवर आपोआप बनणाऱ्या खरेदीच्या यादीत, आलं नाही. तिथे नाही तर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट नाही, 86,400 रुपये अडकले. पैसे आगाऊ देताना हप्ते पाडा आणि पुढचा हप्ता आधीचं बिल 2बीत दिसल्यावरच सोडा, हे काका आता येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतात.

जादा बिल भरणार नाही म्हटल्यावर आमचं लॉगिन बंद झालं. सर्व्हर आमचा, वीज आमची, अ‍ॅडमिन पासवर्ड त्यांच्याकडे. तेही नेमकं 3बी, म्हणजे जीएसटीचं मासिक विवरणपत्र, भरायच्या 20 तारखेच्या तोंडावर. जुन्या टास्क शेड्युलरमधली कामं मी नुसती बंद करून ठेवली होती, काढून टाकली नव्हती, ती पुन्हा चालू करून महिना निभावला.

ग्राहक आयोगाकडे जाता येईल असं वाटलं होतं. वकील म्हणाले, 2019 च्या कायद्यात व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार 'ग्राहक' ठरत नाही. तीन लाखांच्या वरचा व्यापारी वाद म्हणून कमर्शियल कोर्ट, आणि तिथे तातडीचा आदेश मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची. नोटीस गेली आहे. त्यांच्या उत्तरासोबत पुरावा म्हणून डॅशबोर्डचे स्क्रीनशॉट जोडलेत.

डेमो बघाल तेव्हा सगळं चालताना बघू नका, मोडताना बघा. त्यांच्यासमोर इनपुट फाइलचं नाव बदला, डेटाबेसचा पासवर्ड चुकीचा टाका, आणि स्क्रीन लाल होते का, फोन वाजतो का, पुढचं काम थांबतं का ते पाहा. अ‍ॅडमिन पासवर्ड पहिल्या दिवसापासून तुमच्याकडे हवा, आणि कशाला एक जॉब मोजणार ते करारात लिहून घ्या.

मरोळ-साकीनाका भागात आणखी काही जणांना हेच विकल्याचं कानावर आलंय. तुमच्याकडे असेल तर आधी सगळे लॉग दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या आणि मगच त्यांना फोन करा. आम्ही तक्रार केल्याच्या दुसऱ्या दिवशी मागचे लॉग 'मेंटेनन्स'मध्ये साफ झाले, हातात राहिल्या त्या मी आदल्या संध्याकाळी पेनड्राइव्हवर घेतलेल्या फाइली.