कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे उच्च शिक्षण: अमेरिकेतील तीन मार्गांचा तुलनात्मक आढावा

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२३ रोजी हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना या विद्यापीठांविरुद्धच्या खटल्यांत निकाल देऊन प्रवेशात वंशाला वजन देण्याची प्रथा मोडीत काढली. तिथे स्थायिक झालेल्या आणि माजी विद्यार्थी म्हणून आपल्या विद्यापीठाला देणगी देऊ इच्छिणाऱ्या मराठी वाचकाने आता कोणत्या प्रयत्नाला हातभार लावावा, एवढ्यापुरताच हा आढावा आहे.

रद्द झालेली पद्धत म्हणजे आपल्याकडचे आरक्षण नव्हे, हे आधी ध्यानात घ्यावे. कॅलिफोर्नियातील डेव्हिसच्या वैद्यकीय महाविद्यालयातील १०० पैकी १६ राखीव जागा १९७८ मध्येच अवैध ठरल्या होत्या आणि मिशिगन विद्यापीठ अल्पसंख्याक अर्जदारांना सरसकट देत असलेले २० गुण २००३ मध्ये गेले. उरली होती ती संपूर्ण अर्ज वाचताना वंश हाही एक घटक मानण्याची मुभा. तेवढ्यानेही किती फरक पडत होता, हे कॅलिफोर्नियात दिसले. तिथे १९९६ च्या सार्वमताने सरकारी विद्यापीठांना ही मुभा नाकारली आणि २००६ मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या सुमारे ४,८०० विद्यार्थ्यांत कृष्णवर्णीय अवघे ९६ उरले. २०२३ च्या निकालानंतरचे चित्र मात्र एकसारखे नाही: २०२४ मध्ये एमआयटीत नव्याने प्रवेश घेणाऱ्यांतील कृष्णवर्णीयांचे प्रमाण १३ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले, तर येलमध्ये ते १४ टक्केच राहिले.

टेक्सासने १९९७ मध्ये दुसरी वाट धरली. प्रत्येक शाळेतील वरच्या दहा टक्के मुलांना राज्याच्या विद्यापीठात थेट प्रवेश, असा तो कायदा. ऑस्टिनच्या विद्यापीठाने पुढे ही मर्यादा बरीच खाली आणली आहे. कागदावर हा नियम वंशनिरपेक्ष असला तरी त्यातून विविधता साधते, ती शाळा आजही वस्तीनुसार वंशावंशांत विभागलेल्या आहेत म्हणूनच, आणि हे मला त्याचे सर्वांत अवघड अंग वाटते. शिवाय विधी किंवा वैद्यकीय शाखांना तो लावता येत नाही, कारण अमेरिकेत तिथला प्रवेश शाळेनंतर नव्हे, पदवीनंतर होतो.

तिसरा मार्ग प्रवेशानंतर सुरू होतो, आणि माझा कौल त्यालाच आहे. नामांकित विद्यापीठांत जाणारे विद्यार्थी मुळात थोडे. बहुसंख्य कृष्णवर्णीय विद्यार्थी जिथे शिकतात तिथे प्रवेश मिळणे कठीण नसते, पदवी हाती पडणे कठीण असते. न्यूयॉर्क शहराच्या विद्यापीठाने २००७ मध्ये दोन वर्षांच्या महाविद्यालयांसाठी ‘एसॅप’ हा कार्यक्रम सुरू केला. पूर्णवेळ शिकण्याच्या अटीवर त्यात शिष्यवृत्तीनंतर उरलेली फी, पुस्तके, बस व भुयारी रेल्वेचा पास आणि वारंवार भेटणारा मार्गदर्शक मिळतो. विद्यार्थ्यांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी करून झालेल्या अभ्यासात तिथली दोन वर्षांची पदवी तीन वर्षांत घेणारे २२ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेले. दर विद्यार्थ्यामागे खर्च वाढला, पण दर पदवीमागे तो कमीच झाला. हा कार्यक्रम वंश पाहून प्रवेश देत नसल्यामुळे २०२३ च्या निकालाची आचही त्याला लागत नाही.

अर्थात एमआयटीसारख्या ठिकाणी झालेली घट अशा कार्यक्रमांनी भरून निघणार नाही, आणि पुढचे संशोधक, न्यायाधीश, मंत्री बव्हंशी त्याच दारांतून येतात. त्या उंचीसाठी मेरीलँडमधील बाल्टिमोर काउंटीच्या विद्यापीठाची मायरहॉफ योजना, म्हणजे विज्ञान शिकणाऱ्यांसाठीची शिष्यवृत्ती, पाहावी. तिथले प्रशासक फ्रीमन ह्राबोव्स्की यांनी १९८० च्या दशकाअखेरीस ती कृष्णवर्णीय मुलांसाठी सुरू केली. सत्र सुरू होण्याआधीचे उन्हाळी वर्ग, गटाने अभ्यास आणि पहिल्यापासून प्रयोगशाळेत काम, अशी तिची घडण आहे. ‘फक्त कृष्णवर्णीयांसाठी’ अशी अट असलेली शिष्यवृत्ती आता न्यायालयात टिकणे अवघड असल्याने देणगीपत्रात तशी अट घालू नये. मायरहॉफ योजनाही १९९६ पासून सर्वांसाठी खुली आहे आणि तिचे काम थांबलेले नाही.

धनादेश लिहिण्यापूर्वी विद्यापीठाकडून कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे सहा वर्षांत पदवी घेण्याचे प्रमाण मागवावे. काही शे डॉलरच्या थकबाकीपायी नाव कमी होणाऱ्यांसाठी तिथे तातडीचा निधी आहे का, हेही विचारावे. अटलांटातील जॉर्जिया स्टेट विद्यापीठाने असा निधी उभारला आहे, आणि नसेल तिथे आपल्या देणगीची सुरुवात त्यापासून करता येईल.