तुटलेल्या हेडस्टॉकवरचा चकचकीत काळा रंग

नागपुरातल्या एका घरी जुनी जपानी यामाहा एफजी-१८० होती, आत निप्पॉन गाक्कीचं (यामाहा कंपनीचं तेव्हाचं नाव) लाल लेबल असलेली. हे मॉडेल १९६६ साली बाजारात आलं. गिटार स्टँडवरून पडली आणि नटच्या (तारा ज्या खाचांतून जातात ती मानेच्या टोकाची पट्टी) मागे हेडस्टॉक, म्हणजे किल्ल्या बसवलेला मानेचा शेंडा, मोडला. मोड लांब आणि तिरकी होती, एकही ढलपी हरवलेली नव्हती, म्हणजे नीट जोडली असती तर ती आयुष्यभर टिकली असती. शहरातल्याच एका दुरुस्तीवाल्याने दोन दिवसांत काम केलं आणि 'इम्पोर्टेड ग्लू'च्या नावाखाली साडेचार हजार घेतले. गिटार परत आली तेव्हा मानेचा मागचा भाग चकचकीत काळा होता. मालकाला ते आवडलंही. तीन आठवड्यांनी, ऐन मे महिन्यात, रात्री तारा सुरात लावलेल्या असताना जोड उघडला.

आतला प्रकार असा. लाकडावर काचेसारखा कडक थर, म्हणजे फेविक्विकसारखा झटपट गोंद. फटींत अराल्डाइट, म्हणजे इपॉक्सी. मागून ठोकलेले दोन काळे जिप्सम स्क्रू, त्यांच्या डोक्यांवर पुट्टी आणि वर काळा स्प्रे. तारा पिळून सुरात लावायच्या मूळ किल्ल्याही गायब होत्या. त्यांच्या जागी नव्या स्वस्त किल्ल्या बसवल्या होत्या आणि त्यांचा उल्लेख बिलात नव्हता.

हे सगळं का टिकत नाही ते समजून घ्या. बारा नंबरच्या (सर्वांत बारीक तार ०.०१२ इंचाची) लाइट सेटमधल्या सहा तारांचा एकूण ताण ७० किलोच्या वर जातो आणि तो रात्रंदिवस हेडस्टॉकला पुढे ओढत असतो. झटपट गोंद ठिसूळ असतो. फर्निचरचा साधा पांढरा गोंद अशा सततच्या ताणाखाली हळूहळू सरकतो. स्क्रू तर लाकडाचे उरलेसुरले तंतूच कापतो आणि पाचरीसारखा नवी चीर पाडतो. पण खरं नुकसान पुढे आहे. झटपट गोंद आणि इपॉक्सी लाकडाच्या छिद्रांत मुरतात, मग नंतर कितीही चांगला गोंद लावला तरी तो लाकडापर्यंत पोचत नाही. अ‍ॅसिटोनने साफ करायला जावं तर शेजारचं जुनं पॉलिश विरघळू शकतं. पहिली चुकीची दुरुस्ती दुसऱ्या बरोबर दुरुस्तीची वाट बंद करते. आमच्या मते साडेचार हजारांपेक्षा ही फसवणूक मोठी.

बरोबर काम कसं होतं ते माहीत असलं की प्रश्न विचारता येतात. आधी गोंदाशिवाय कोरडी जुळणी करून पाहतात. हाताच्या दाबाने रेघ केसाएवढी मिटली आणि मोड पाचेक सेंटिमीटर किंवा जास्त लांब असली, तर एकटा गोंद पुरतो. टाइटबॉन्ड ओरिजिनल (लाकडासाठीचा पिवळा गोंद) किंवा गरम सरस, दोन्ही बाजूंना पातळ ब्रशने, कोपऱ्यांत सिरिंजने. टाइटबॉन्ड लावल्यापासून हातात जेमतेम पाच मिनिटं असतात, म्हणून क्लॅम्प आधीच मापून ठेवतात. खाली-वर कॉर्क लावलेल्या लाकडी पट्ट्या, मध्ये मेणकागद, दोन-तीन क्लॅम्प. दाब सरळ हवा, नाहीतर तिरक्या मोडीवर तुकडे घसरतात आणि कायमची पायरी राहते. बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने लगेच पुसायचा. क्लॅम्प २४ तास, तारा आठवड्याने. मोड आखूड आणि आडवी असेल तर मात्र खाचा पाडून लाकडी पट्ट्या बसवाव्या लागतात किंवा हेडस्टॉकच्या पाठीला दोन-तीन मिलिमीटरचं महोगनीचं अस्तर चढवावं लागतं. 'उद्या घेऊन जा' म्हणणाऱ्याकडे यातलं काहीच होणार नाही.

गिटार मोडली की आधी तारा सैल करा. तुकडे पुन्हा पुन्हा जुळवून बघू नका, तंतू चेपतात. पॉलिशवर चिकटपट्टी नको. लहानशी ढलपीसुद्धा डबीत ठेवा. देण्यापूर्वी मोडीचे, किल्ल्यांचे आणि लेबलचे फोटो काढा, आणि कोणता गोंद वापरणार, स्क्रू घालणार का, रंग मारणार का, हे चिठ्ठीवर लिहून घ्या. गोंद सांगायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून गिटार उचलून आणा.

परत घेताना जोडावरून नख फिरवा, नख अडलं तर खाली पुट्टी किंवा पायरी आहे. किल्ल्यांपासून दूर, हेडस्टॉकच्या पाठीवर छोटं लोहचुंबक फिरवा. मानेत ट्रस रॉड (मान वाकू नये म्हणून आत घातलेली लोखंडी सळई) असल्याने तिथे ते ओढलं जाणारच, नटच्या लगेच मागे रॉडचं टोक असेल तर तिथेही, पण त्यापलीकडे हेडस्टॉकवर ओढलं गेलं तर आत स्क्रू असण्याची शक्यता मोठी. अख्खी मान रंगवून दिली असेल तर जास्तच सावध राहा, प्रामाणिक जोडाची बारीक रेघ दिसतेच. ती दिसली म्हणून पैसे कापू नका.

चांगला जोडही नागपूरच्या उन्हात बंद गाडीत ठेवू नका. बाहेर ४५ अंश असताना गाडीत साठाच्या वर तापमान जातं, आणि तेवढ्यात टाइटबॉन्डही सरसही मऊ पडू लागतात.

या एफजी-१८० चा जोड आता कापून, दोन पट्ट्या आणि पाठीचं अस्तर घालून पुन्हा बांधावा लागला. खर्च पहिल्याच्या तिप्पट. मूळ किल्ल्या काही परत मिळाल्या नाहीत.