चतुर्थीला रात्रंदिवस दिवा: समई घ्यावी की काचेचा अखंड दिवा?

श्रावण संपत आला की गावाला येणारे चाकरमानी फोनवर रेल्वेच्या तिकिटाखालोखाल हेच विचारतात: गणपतीपुढे अखंड ठेवायला दिवा कुठला घेऊ? घरची जुनी समई चालेल की ती हल्ली मिळते ती, मधोमध पितळी नळी आणि वर काच असलेली? देवगडच्या आमच्या घरी दोन्ही आहेत, दोन्हींवर चतुर्थी काढून झाली आहे, म्हणून लिहितो. पितळ किती वजनाचं, काच कुठल्या जातीची हे दुकानदार सांगेलच.

काचेच्या दिव्याच्या बाजूने आधी बोलतो, कारण त्याची बाजू लंगडी नाही. भाद्रपदात आमच्याकडे पडवीचं दार उघडलं की वारा थेट माजघरापर्यंत येतो. गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधलेली, मागे कागदाची आणि कापडाची सजावट, पुढे पोरांची धावपळ. अशात झाकलेली ज्योत केव्हाही बरी. दुसरं म्हणजे उंदीर. तेला-तुपाची वात उंदीर ओढून नेतो ही कौलारू घरातल्या लोकांना सांगायची गोष्ट नाही, आणि पेटती वात नेली तर काय होऊ शकतं हेही नाही. काच असली की ती काळजी मिटते.

मग अडतं कुठे? तेल असूनही वात कोरडी पडते, तिथे.

भजन आटपून मंडळी पांगली, सगळे आडवे झाले, की मध्यरात्रीनंतर कधीतरी ज्योत बारीक व्हायला लागते. जवळ जाऊन पाहावं तर वातीच्या टोकावर काळा गुल धरलेला, त्यात लाल ठिणगी, आणि काचेच्या आतून धुराची काळी पट्टी वर चढलेली. कापूस जळल्याचा वास येतो. खाली वाटीत तेल मात्र निम्म्याहून जास्त! पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं तेलात भेसळ आहे. तसं नसतं. ज्योत खरं तर तेलावर जळते, कापूस नुसता वाहक. तेल वर पोचायचं कमी झालं की ज्योत कापूसच खायला लागते.

आणि या दिव्यात ते कमी होतंच, कारण वात उभी आहे. वाटी भरलेली असते तेव्हा तेलाला बोटभर चढायचं असतं. पातळी उतरली की तीच चढण दुप्पट होते, आणि खाण्याचं तेल मुळात दाट. कंदिलात रॉकेल चार बोटं खालून आरामात चढतं, ते पातळ असतं म्हणून. युरोपातही रॉकेल येण्याआधी वनस्पतीच्या तेलाच्या दिव्यांना हाच त्रास होता. पॅरिसच्या बर्नार्ड कार्सेलने 1800 साली दिव्याच्या बुडात घड्याळासारखी चावी बसवली, ती तेल पंपाने वातीपर्यंत चढवायची. एवढा खटाटोप करावा लागला, म्हणजे दोष आपल्या वातीचा नाही, उंचीचा आहे.

उपाय आहेत, आणि हा दिवा आधीच घेतला असेल तर करून बघा. बहुतेक लोक नळीत वात ठासून बसवतात, ती सरकू नये म्हणून. तिथेच तेलाचा गळा आवळला जातो. वात नळीतून हलक्या हाताने ओढली की सरकली पाहिजे, आणि सोडली की खाली पडता कामा नये, इतकीच जाड. पीळ सैल ठेवा. बाजारातली दोऱ्यासारखी घट्ट वळलेली वात दिसायला सुबक, पण तेल ओढायला कंजूष. खालचं शेपूट लांब ठेवून वाटीच्या तळाशी वेटोळं करून सोडा, म्हणजे तेल उतरलं तरी ते बुडालेलं राहील. पेटवण्याआधी अख्खी वात तेलात भिजवून घ्या. वर ज्योत मोठी नको, नळीच्या तोंडाबाहेर तांदळाच्या दाण्याएवढी वात पुरते. पावसाळ्यात कापूस ओल धरतो आणि चटचटतो, म्हणून वाती घट्ट झाकणाच्या डब्यातच ठेवा.

एवढं सगळं केल्यावर आमचा दिवा बरा चालला. पण चालला म्हणजे काय, तर वाटी सतत वरपर्यंत भरलेली ठेवली तेव्हा. म्हणजे खालचं अर्धं तेल नुसतं शोभेला. आणि भरायचं तर तापलेली काच फडक्याने धरून उचलायची, तेवढ्यात वारा आला की ज्योत गेली. जो दिवा वाऱ्यासाठी घेतला तो भरतानाच वाऱ्याला सापडतो. काही दिव्यांना तेल घालायला बाजूला फट असते असं पाहिलंय. तसा मिळाला तर माझी निम्मी तक्रार मागे घेतो.

समईत ही भानगडच नाही. वात आडवी, तेलात लोळलेली, टोक चोचीवर. तेलाला चढायचं ते जेमतेम. शिवाय ज्योतीजवळची पितळी चोच तापते, त्या उबेने तिथलं तेल पातळ होतं आणि वातीत सहज शिरतं. पौषातल्या गारठ्यात घरचं खोबरेल गोठतं, तेव्हाही एकदा पेटलेली समई आपल्यापुरतं तेल वितळवून घेते. तेल घालायचं तर मधल्या भागात बारीक धार धरायची, ज्योतीला कळतही नाही. वात काडीने पुढे सारली, गुल झाडला, की झालं. झोपेतून उठलेली आमची काकी हे डोळे अर्धे मिटून करते.

समई गळते, हे खरं. वात चोचीच्या बाहेर लोंबली की तिच्यावाटे तेल थेंब थेंब उतरतं आणि सकाळी पाटाखाली मुंग्यांची रांग लागते. टोक चोचीच्या आतच ठेवा, खाली परात ठेवा. वाऱ्यासाठी आम्ही समई मखराच्या आडोशाला, पण सजावटीपासून हातभर लांब ठेवतो, आणि एकेरी वातीऐवजी जोडवात लावतो. झुळकीने एक बारीक झाली तरी दुसरी तिला धरून ठेवते. उंदरावर मात्र समईकडे उत्तर नाही. चतुर्थीत रात्री कुणी ना कुणी समोरच्या खोलीत झोपलेलं असतं, तेवढ्यावर आमचं भागतं.

तरंगत्या वातीचाही पर्याय आहे: बुचाच्या चकतीवर बारीक वात, ती तेलाबरोबरच खाली उतरते, त्यामुळे चढण वाढत नाही. कल्पना फार हुशार, पण ज्योत इतकी नाजूक की आमच्या वाऱ्यात तिचं काही खरं नाही. बंद फ्लॅटमध्ये चालत असावी.

तेव्हा घरात रात्रीचं उठणारं माणूस असेल तर नवीन काही घेऊच नका, माळ्यावरची समई उतरवून चिंचेने घासा. दार उघडं टाकून सगळे गाढ झोपणारे असाल, किंवा उंदीर फार असतील, तर काचेचा घ्या. फक्त वाटी उथळ आणि पसरट बघा, खोल नको. आणि जो घ्याल तो हरतालिकेच्या आदल्या रात्री, त्याच तेलावर आणि त्याच वातीवर, पहाटेपर्यंत लावून बघा.